टेंभ्याची अठरा नखं

चंद्रपूर
मंगळवार, ५ नोव्हेंबर २०२४

आदरणीय लटारूमामा,
जय भीम.

रविवारी काय झालं ते क्रमाने लिहिते. मी निघाले तोवर सालेटोल्यात त्याच्या चार गोष्टी झाल्या होत्या.

१. सकाळी साडेदहाला टेंभ्याला ओसरीत आडवं केलं. तुम्ही डोकं धरलंत, मामींनी मागचे पाय.
२. पुढच्या डाव्या पायाचं पहिलं नख कापलं. नीट कापलं गेलं.
३. दुसऱ्या नखाला मी दोन मिलिमीटर जास्त आत गेले. टेंभ्याची नखं काळी आहेत, आतली रक्ताची शीर दिसत नाही. कुत्र्याच्या अशा नखाचे पातळ पातळ काप घ्यायचे असतात. मी एकदाच कापलं.
४. रक्त आलं. रक्त थांबवायची पूड मी चंद्रपूरलाच विसरले होते. मामींनी हळद दाबली.
५. टेंभ्या तुमच्या उजव्या मनगटाला चावला, सुटला आणि बैलबंडीखाली जाऊन बसला.
६. दुपारच्या गाडीने मी निघाले तेव्हाही तो तिथेच होता.

तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकाची चूक माझी आहे. दोन वर्षं पदविकेचा अभ्यास आणि दीड वर्ष जनावरांच्या दवाखान्यात काम करून ती व्हायला नको होती.

तुमच्या रेबीजच्या सुयांच्या तारखा मामींना सांगितल्या आहेत. टेंभ्याला लस दिलेली आहे, तरी एकही सुई चुकवू नका.

नखं कापावी मात्र लागतीलच. बिबट्याच्या भीतीने तुम्ही त्याला जूनपासून घरात ठेवलंय. सारवलेल्या भुईवर नखं झिजत नाहीत. ती आणखी वाढली की पंजा वाकडा पडेल आणि चालणं दुखेल. तुम्हीच म्हणालात, बाया जंगलात मोहफुलं वेचायला जातात तेव्हा तो लागतो.

फोन लागत नाही म्हणून पत्र. लागला तरी तुम्ही त्यावर नुसतं "हो, हो" म्हणता.

तुमची,
उर्वशी


सालेटोला
१४ नोव्हेंबर

चि. उर्वशीले मामाचा जय भीम.

तुझं पत्र पोचलं. नव्या पोस्टमननं तीन दिवस पिशवीत फिरवलं. मी चौतीस वर्सं टपाल वाटलं, एकबी पत्र असं शिळं होऊ देल्लं नाई. असो. तुझी मामी म्हणते, एवढे नंबर टाकून तं पोलीसबी पंचनामा लिहत नाई.

मनगट बरं हाये. सुया घेऊन राह्यलो. टेंभ्या बंडीखालून दुसऱ्या दिवशी निंघाला. पण एक नवीनच झालं. मी तंबाखूच्या खर्र्यासाठी सुपारी कापाले सरोता उचलला, कट् असा आवाज आला, का हा गडी सरळ ढोराच्या कोठ्यात. दिवसातून दहा वेळा. आता मी सुपारी शेजारी जाऊन कापून आणतो. मामी खुश हाये, कुत्र्याच्या निमित्तानं तरी खर्रा सुटन म्हणते. सुटला नाई.

तू मनाले लावून घेऊ नको. पण हे काम झालं पाह्यजे, एवढं मी सांगतो. पत्रूच्या बायकोले मागच्या मोहात वाघानं नेलं, तुले माहीत हाये. तवापासून टोल्यातल्या बाया टेंभ्या समोर असल्याबिगर जंगलात पाय टाकत नाई. तो लंगडला का मोह झाडाखालीच सडन. त्या बायातली रंभा रोज येऊन पाहून जाते. तिनं तुले निरोप देल्ला हाये, "शिकाऊ हात दुसऱ्याच्या कुत्र्यावर चालव म्हणा."

ह्यावर काही विद्या असन तं लिहून पाठव. साध्या अक्षरात.

मामा


चंद्रपूर
२० नोव्हेंबर

आदरणीय मामा,

विद्या आहे, पण सावकाशीची. त्याला नखांची भीती नाही, नेलकटरच्या आवाजाची आहे. तो आवाज आणि आवडता खाऊ ही जोडी त्याच्या डोक्यात पक्की व्हायला हवी. खाऊ काय द्यायचा ते तुम्ही ठरवा. तो खाऊ दुसऱ्या कुठल्याही वेळी द्यायचा नाही.

पहिले दहा दिवस नेलकटर नुसता त्याच्या ताटलीजवळ ठेवा. उचलू नका.

पुढचे दहा दिवस खराट्याची काडी नेलकटरने कापा, त्याच्यापासून पाच हात लांब. आवाज झाला की लगेच खाऊ. आवाज आधी, खाऊ नंतर. उलट केलंत तर उपयोग नाही. रोज एक वीत जवळ या. तो उठून गेला तर त्या दिवशी काम बंद, दुसऱ्या दिवशी दोन वीत मागून सुरुवात.

मग हाताने पंजा धरणं. मग नेलकटर नखाला नुसता लावणं. हे सगळं तो शांत राहून करू देईल तेव्हाच कापायचं, तेही ज्वारीच्या दाण्याएवढं. एका दिवशी एकच नख. बळजबरीने धरायचं नाही, मामींनीही नाही.

सोबत तक्ता जोडला आहे. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्यांना चार-चार, असे अठरा खाने आहेत. कापलेल्या नखाच्या खान्यात तारीख घाला. रक्त थांबवायची पूड आणि नवा नेलकटर पार्सलने वेगळा पाठवते.

रंभाबाईंना सांगा, शिकाऊ हात आता तुमचा आहे.

उर्वशी


सालेटोला
१९ जानेवारी २०२५

चि. उर्वशीले जय भीम.

दोन महिने काही लिहलं नाई कारण लिहाजोगं नव्हतं. आता हाये.

खाऊ म्हून वाळलेले झिंगे घेतले. पहिले दहा दिवस तो नेलकटरकडं असा पाहे का घरात साप निंघाला. मी तुझ्या कागदापरमाणं चाललो. मामी म्हणे, "पोस्टात असा नियमानं वागला असता तं साहेब झाला असता." खराट्याच्या इतक्या काड्या कापल्या का आंगण झाडाले खराटा उरला नाई. दोनदा तो पळाला, दोनदा मी मांगं गेलो.

संक्रांतीच्या दिवशी आपलं आपण उठून आला. मी काडी कापली, कट् झालं, आन् त्यानं पुढचा उजवा पाय उचलून माह्या मांडीवर ठेवला. मी शिकवलं नाई. झिंगा पाह्यजे होता त्याले. मी रंभाले हाक मारून देखवलं. ती उभी राह्यली आन् म्हणते, "लटारूभाऊ, वरात निंघाली का याची?" पण खुश होती. घरी जाऊन त्याच्यासाठी मूठभर झिंगे घेऊन आली.

काल पहिलं नख कापलं. ज्वारीच्या दाण्याएवढं. रक्त नाई. तारीख टाकली.

तुझी माय असती तं तिले सांगितलं असतं का तुझी पोरगी पत्रातून कुत्रे सुधारते.

मामा


चंद्रपूर
२७ जानेवारी

मामा,

पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरांनाही दाखवलं. पाय स्वतःहून उचलून देणं फार क्वचित होतं, असं त्या म्हणाल्या.

आता घाई करू नका. हातात वेळ आहे. रोज एक नख, अधूनमधून एक दिवस सुट्टी. काळी नखं कापताना मध्ये करडा ठिपका दिसू लागला की थांबायचं.

मी फेब्रुवारीत येणार होते. लसीकरणाची शिबिरं लागली आहेत, जमणार नाही. अठराही झाली की तक्ता पाठवा.

उर्वशी


सालेटोला
२ मार्च

चि. उर्वशीले जय भीम.

मार्कंड्याची जत्रा उठली. तिथून झिंगे आणले, कारण चामोर्शीतले तो आता तोंडात घेत नाई. सवय बिघडवली आपण.

तक्ता पाठवतो. अठराई खाने भरले. शेवटचं नख २५ तारखेले. एकदाबी रक्त नाई. पूड डब्बीत तशीच हाये.

मोहाले आता पंधरा दिवस. रंभा, माधवी, सीता सगळ्या तयार हायेत. मी सकाळी त्याले बांधावरून फिरवून आणतो. पाय बरोबर टाकते.

तू आली असती तं बरं झालं असतं. पण काम असते माणसाले.

मामा


चंद्रपूर
९ मार्च

मामा,

तक्ता मिळाला. अठरा तारखा, एकही खाडाखोड नाही. दवाखान्याच्या भिंतीवर लावला आहे.

दर तीन आठवड्यांनी पुन्हा एकेक काप घ्या. लंगडला, पाय चाटत बसला किंवा वास आला तर त्याच दिवशी कळवा. हंगामाच्या गडबडीत राहून जाईल, म्हणून लिहून ठेवते.

उर्वशी


सालेटोला
२२ एप्रिल

उर्वशी,

हे पत्र टपालात टाकत नाई, चामोर्शी-चंद्रपूर गाडीच्या कंडक्टरच्या हाती देऊन राह्यलो. तू गाडी घेऊन ये. टेंभ्याचा मांगचा डावा पाय सुजून लौकीएवढा झाला. पू येते, वास येते. दोन दिवसापासून तो पाय टेकवत नाई.

आता जे लिहतो ते मी तुले आधीच सांगाले पाह्यजे होतं.

टेंभ्याले मांगच्या दोन्ही पायाले एकेक नख जास्तीचं हाये. आतल्या बाजूनं, वरती, जमिनीले लागत नाई असं. म्हणजे वीस. टोल्यात सगळ्याईले माहीत हाये. वीस नखाच्या कुत्र्याच्या वाटेले वाघ जात नाई, असं बाया मानतात. म्हून तं त्याले समोर ठेवून जातात. नाई तं गावात कुत्रे काय कमी होते?

जानेवारीत नखं कापाले लागलो तवा रंभा येऊन बसली. म्हणे, "ह्या दोनाले हात लावू नका." मी म्हटलं, "अवो बाई, माह्या बापानं छपन्न साली देव्हारा उचलून वैनगंगेत सोडला, आन् मी कुत्र्याच्या नखाले घाबरू काय?" ती म्हणे, "तुमी नका मानू, लटारूभाऊ. पण जंगलात चालाचं आमाले हाये, तुमाले नाई." मी ते दोन सोडले. पत्रूच्या बायकोच्या मांगं वीस पावलावर तीच होती त्या दिवशी.

तुझ्या तक्त्यात अठराच खाने होते. मी अठराई भरले. मनात म्हटलं, पोरीनंच दोन सोडले, म्हणजे चालत असन. चालत नाई हे मले समजत होतं.

ते नख गोल वळून मांसात गेलं हाये. १ एप्रिलपासून तो लंगडून राह्यला. तू लिहलं होतं, त्याच दिवशी कळवा. पण मोह पडून राह्यला होता, आन् तो थांबला असता तं बाया थांबल्या असत्या. तीन हप्ते तो तसाच त्याईच्या समोर चालला. रोज सकाळी मीच त्याच्या गळ्यातली दोरी सोडत होतो.

लवकर ये.

मामा


चंद्रपूर
सोमवार, ५ मे

आदरणीय मामा,

२४ एप्रिलला तुम्ही टेंभ्याला गाडीत ठेवलंत, त्यानंतरचं लिहिते. त्या दिवशी मी तुमच्याशी फार बोलले नाही. राग नव्हता. उन्हाआधी पोचायचं होतं.

२५ तारखेला त्याला भूल देऊन तपासलं. जमिनीला न टेकणारं नख झिजत नाही. ते वाढत वाढत चक्राकार वळतं आणि स्वतःच्याच पायात घुसतं. उजव्या पायाचं नुकतंच घुसलं होतं. ती जखम भरते आहे. डावं पार हाडापर्यंत गेलं होतं. भूल चढल्यावर दोन्ही नखं मीच कापली. दोन्हींना मिळून चाळीस सेकंद लागले.

डाव्या पायाच्या हाडात पू झाला आहे. दहा दिवस औषधं दिली. सूज थोडी उतरली आणि पुन्हा चढली. काल दुसरा एक्स-रे काढला. हाड आणखी खाल्लं गेलं आहे. डॉक्टरांचं म्हणणं, औषधाने आता थांबणार नाही. पाय मांडीपासून काढावा लागेल. तोही लगेच, नाहीतर विष रक्तात जाईल.

एक गोष्ट लिहू की नको, असा विचार केला. लिहिते. २५ तारखेला भूल द्यायच्या आधी तो जाळीच्या खोलीत होता. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कुत्र्याची नखं कापत होते. कट् असा आवाज झाला. टेंभ्याला नीट उभं राहता येत नव्हतं. त्याने पुढचा उजवा पाय उचलला आणि जाळीला टेकवून ठेवला. आवाज येत होता तोवर तसाच. भुलीआधी उपाशी ठेवावं लागतं, म्हणून मी त्याला काही दिलं नाही.

पाय काढायचा की नाही, ते कळवा. मालक तुम्ही आहात. सही तुमची लागते.

उर्वशी


सालेटोला
१० मे

चि. उर्वशीले जय भीम.

पत्र पोचलं. मामीले वाचून देखवलं. जाळीचं वाचताना ती उठून आत गेली. भाकरी तव्यावर जळाली, कोणी उतरवली नाई.

मी रंभाकडं गेलो. तेंदूपत्त्याची तोडणी सुरू झाली हाये. बाया टिनाचे डब्बे वाजवत जाऊन राह्यल्या, चार-चारच्या टोळीनं. मी विचारलं, पाय कापाचा म्हणतात, काय करू? ती पानाचे पुडे बांधत होती. म्हणे, "मले काऊन इचारता? कुत्रं तुमचं." मंग पुडा बाजूले ठेवून म्हणे, "मी आडवी बसली नसती तं तुमी कापलं असतं?" मी हो म्हटलं. नाई म्हणाले पाह्यजे होतं काय? तवापासून ती आपल्या आंगणात येत नाई.

मामी म्हणते, घरी आणा, इथीच मरू द्या. मले ते पाहावणार नाई. तीन पायाचा कुत्रा इथी बिबट्यासमोर दोन दिवस टिकन काय? पण मारून टाका असं मी लिहू कसा? त्यानं आपल्याले कशाले नाई म्हटलं आजपर्यंत?

तू शिकलेली हायेस. तुह्या डोळ्यासमोर हाये तो. तूच काय ते ठरव. मले ते कबूल हाये.

मामा


चंद्रपूर
बुधवार, १४ मे

आदरणीय मामा,

मी ठरवू शकत नाही. सही माझी चालत नाही, हे एक. दुसरं कारण खाली लिहिते.

तुम्ही लिहिलंत की तक्त्यात अठराच खाने होते. बरोबर आहे. ते मी काढले. पुस्तकात कुत्र्याला अठरा नखं असतात, म्हणून अठरा. जास्तीची दोन कधीकधी असतात, हेही त्याच पुस्तकात आहे. नोव्हेंबरात मी टेंभ्याच्या एका पायाची दोन नखं पाहिली आणि दुपारच्या गाडीने निघाले. मागचे पाय पाहिलेच नाहीत. फेब्रुवारीत आले असते तर दिसलं असतं. तेव्हा ते नुसतं कापून भागलं असतं. तुम्ही लपवलंत, रंभाबाई आडव्या बसल्या, हे खरं आहे. पण विचारायचं काम माझं होतं आणि मी विचारलं नाही. तक्ता भिंतीवरून काढला आहे. एकदा मोजायला चुकलेल्या माणसाने पुन्हा तुमच्या वतीने ठरवू नये.

आता आजची स्थिती. ताप १०४. तीन दिवसांपासून खात नाही. झिंगे आणून ठेवले. वास घेतला आणि तोंड फिरवलं. सूज गुडघ्याच्या वर आली आहे. गेल्या आठवड्यात डॉक्टर म्हणत होत्या, पाय काढला तर दहातले सहा वाचतात. काल म्हणाल्या, आता तीन. २० तारखेनंतर त्या शस्त्रक्रिया करणार नाहीत, कारण तो टेबलावरच जाईल.

तो वाचला तर कुठे राहील, हेही मी पाहून ठेवलं. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आहे आणि घरमालकांनी नाही म्हणून सांगितलं. शहराबाहेरच्या प्राण्यांच्या आश्रयाला दोनदा जाऊन आले. तिथे जागा नाही. म्हणजे सालेटोल्यालाच, घरात, दार लावून, जगेल तितके दिवस. मामींना हे नीट समजावून सांगा. जंगलात तो पुन्हा जाणार नाही.

घरी आणून मरू द्यायचं असेल तर त्याला मी मदत करणार नाही. हाडातला पू वेदनाशामकाने शांत होत नाही. चार-पाच दिवस तो ओरडेल, आणि ते तुमच्या ओसरीत.

म्हणून दोनच गोष्टी उरतात. पाय काढणं, किंवा कायमच्या झोपेचं इंजेक्शन. दुसऱ्यात त्याला काही कळत नाही. मी स्वतः तिथे असेन. माझं मत विचाराल तर मला दोन्हींत आशा दिसत नाही. पण काही न ठरवता रोज सकाळी त्याला तसंच पाहणं सगळ्यात वाईट आहे.

रंभाबाईंना हे पत्र वाचून दाखवा. त्यांनी आडवं बसायचं कारण मला कळतं. त्यांच्या जागी मी काय केलं असतं, ते मला सांगता येत नाही.

सोबतच्या कागदावर दोन चौकोन आहेत. एकात खूण करा, खाली सही करा आणि गाडीच्या कंडक्टरकडे द्या. दोन्ही रिकामे ठेवून पाठवू नका. सोमवार, १९ मे, संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर माझ्या हातात पडावं.

तुमची,
उर्वशी